पूजेला बसलेली गाडी

यवतमाळ जिल्ह्यात मी गेलो तो फिरायला नव्हे, माणसं तपासायला. म्हणून या लिखाणात टिपेश्वरचा वाघ नाही आणि सहस्रकुंडाचा धबधबाही नाही. एक मोटारसायकल आहे, ती ऐन दसऱ्याच्या दिवशी का फिरेना याचा तपास आहे, आणि तपास करणारा मी आहे. याहून जास्त काही बघायचं असेल तर वाचकांनी स्वतः जावं. रस्ते आता चांगले झाले आहेत.

माझा धंदा आधी सांगितलेला बरा. मी गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघात झाला की गाडी बघायची आणि मालक सांगतोय ती हकिगत खरी की रचलेली, हे ठरवायचं. दहातले आठ मालक सांगतात की कुत्रं आडवं आलं. महाराष्ट्रातली कुत्री खरंच इतकी आडवी येत असती, तर एव्हाना एकही शिल्लक राहिलं नसतं. लोक मला संशयी म्हणतात. मी सावध आहे, एवढंच माझं म्हणणं आहे.

तर आमच्या मुक्ताने लग्न ठरवलं. आमची ही एकुलती एक लेक नाशिकलाच नोकरी करते. तिथेच काम करणारा प्रफुल्ल हा मुलगा राळेगाव तालुक्यातला, शेतकरी घरातला. बायकोला तो पसंत पडला. बायकोला सगळेच पसंत पडतात, मीसुद्धा पडलो होतो. पण तिच्या वर्ध्याच्या मावसबहिणीने फोनवर एक पुडी सोडली. प्रफुल्लच्या वडिलांचा शेजाऱ्याशी बांधावरून वाद आहे, कित्येक वर्षं बोलणं बंद आहे, माणूस भांडखोर असावा. झालं, माझी झोप गेली. मुलगा नाशिकला असला तरी सणवार, आजारपण, बाळंतपण सगळं त्या घराशी. भांडखोर घरात लेक द्यायची म्हणजे आयुष्यभर फोन वाजला की दचकायचं.

मुक्ता शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमचं मन नसेल तर मी हे लग्न करणार नाही. पण एकदा तिकडे जाऊन या. आणि नेहमीसारखं चहापुरतं टेकून परत फिरू नका. दसरा तिथेच करा."

मी हो म्हणालो. चहापुरतं टेकणं हा माझ्या कामाचा भाग आहे. जास्त बसलं की माणूस मिंधा होतो आणि मग त्याला खोटं दिसेनासं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मुक्ताने गाडी तपासून दिली. गाडी माझी, पण लहानपणापासून माझ्या शेजारी बसून तिने तिचा स्क्रू न् स्क्रू पाहिलेला. डाव्या बाजूच्या झाकणाची एक खुंटी कधीचीच तुटली आहे. तिथे सायकलच्या ट्यूबची घडी घालून ते झाकण आम्ही घट्ट बसवतो. ती घडी तिने बदलली, चेनला तेल दिलं आणि म्हणाली, "आता बिनघोर जा." बिनघोर हा शब्द मला उगाचच खटकला.

कळंब मागे टाकून

समृद्धीवर दुचाकीला मज्जाव, म्हणून जालना, सिंदखेडराजा असा जुन्या रस्त्याने गेलो आणि मेहकरला मुक्काम केला. कारंजा ओलांडलं तशी जमीन काळी होत गेली. सोयाबीन कापून झालेलं, त्याचे ढीग ताडपत्रीखाली झाकलेले, आणि कपाशीची बोंडं नुकती कुठे उकलायला लागलेली. तूर अजून हिरवीगार, माणसाच्या खांद्याइतकी.

दारव्ह्याला चहाला थांबलो. चहावाल्याने चहा गाळायच्या आधी माझी पूर्ण उलटतपासणी घेतली. कोठचे, काय करता, गाडी एव्हरेज किती देते, आणि शेवटी, "कोणाकडे चालले?"

आमच्याकडे अनोळखी माणसाला असं कुणी विचारत नाही. विचारलं तर समजावं की तो काहीतरी विकणार आहे. मी म्हणालो, "देवाला."

"कळंबच्या चिंतामणीले का? मंग बरोबर चालले. चांगला देव हाये."

मला ही थाप आवडली आणि मी ती जपून ठेवली. कळंबला माझ्या एका जुन्या ओळखीच्या माणसाचं घर आहे. त्या भागातल्या घराघराची त्याला खबर असते. फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर माणूस गोड बोलतो, त्याचा चेहरा दिसत नाही. बेत असा, की आधी घर बघायचं आणि दुसऱ्या दिवशी देवदर्शनाच्या नावाखाली कळंबला येऊन खरी माहिती काढायची. म्हणून कळंब लागलं तेव्हा मी देवळाकडे न वळता सरळ पुढे गेलो. चिंतामणीने मनावर घेतलं नसावं.

गावाचं नाव लिहीत नाही. लहान गाव आहे, लोक लगेच ओळखतील. फाट्यावर प्रफुल्लचे वडील भाऊराव सायकल धरून उभे होते. उंच, सडसडीत, डोक्याला उपरणं. "या पाहुणे," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून माझ्यापुढे निघाले. त्यांच्या सायकलमागून मोटारसायकल चालवताना माझा पाय दोनदा जमिनीला लागला.

"तुम्ही गाडी नाही चालवत?" मी विचारलं.

"मले गाडी येत नाही. मांगं बसाले बी भेव लागते," ते मागे न बघता म्हणाले. "पोरगा लय म्हणते, बाबा, शिका. म्या म्हणतो, एसटी काय वाईट हाय?"

घराला नवा रंग दिलेला. माझ्या अनुभवात नवा रंग दोनच कारणांसाठी देतात, सण असतो किंवा तडा लपवायचा असतो. सण तर होताच, तरीही मी भिंतींच्या कोपऱ्यांवरून नजर फिरवून घेतली. ओसरीवर चार खुर्च्या मांडल्या होत्या. भाऊराव पाणी आणायला आत गेल्यावर मी एक खुर्ची उलटी करून पाहिली. खाली पिवळ्या रंगात लिहिलं होतं, 'व. मा.' प्रफुल्लच्या घरात या अक्षरांचं कुणी नाही. म्हणजे खुर्च्या उसन्या आणलेल्या. मी मनात नोंद केली आणि खुर्ची सरळ केली.

रात्रीच्या जेवणाला पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. आमच्या नाशिककडचा रस्सा जिभेला लागतो, हा थेट कानाला लागला. प्रफुल्लची आई, इंदूबाई, वाढायला उभी. मी ताटावर हात आडवा धरला तर बाईंनी बोटांच्या फटीतून तूप सोडलं.

"घ्या न! लाजता कायले?" त्या म्हणाल्या.

मी हात धुऊन आलो आणि सरळ विषयाला हात घातला. "शेजारी कोण असतं तुमच्या शेताला?"

"वसंतराव," भाऊराव म्हणाले. "बोलचाल नाई आमची."

बस्स, एवढंच. नाकारलं नाही, कारणही सांगितलं नाही. जो माणूस सारवासारव करतो त्याला मी ओळखतो. जो करतच नाही तो फार मुरलेला असतो, असं मला वाटलं. मग मी माझा पत्ता टाकला. "उद्या सकाळी जरा कळंबला जाऊन चिंतामणीचं दर्शन घेऊन येतो."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. ते बघणं मला मुळीच आवडलं नाही.

"उद्या दसरा हाय," इंदूबाई म्हणाल्या. "सोनं लुटल्याबिगर पाहुणा जात नसते आमच्याकडे."

"परत येणारच आहे की दुपारपर्यंत," मी म्हणालो. माझं म्हणणं खोटं होतं. तिथूनच परस्पर नाशिकचा रस्ता धरायचा, हे मी रस्सा संपवतानाच ठरवलं होतं.

दसऱ्याची सकाळ

उजाडता उजाडता गोठ्याकडून भाऊरावांचा दबका आवाज आला. ते फोनवर बोलत होते. "हो बाई... डाव्या अंगानं... खालून दाबतो, मंग ओढतो. हो, हो, घडी तशीच ठेवतो." घरात म्हैस होती, तेव्हा हे तिच्याबद्दल असावं असं मी धरलं. म्हशीला घडी कसली, हा प्रश्न अर्धवट झोपेत पडला आणि विरूनही गेला.

चहा घेत होतो तेवढ्यात भाऊराव समोर येऊन उभे राहिले. "पाहुणे, तुमच्या गाडीचे पाने द्या. पूजेत मांडतो."

देवघरापुढे पाट मांडला होता. त्यावर विळा, कुऱ्हाड, डवऱ्याची पास म्हणजे कोळप्याचं पातं, फवारणीचा पंप, इंदूबाईंची शिवणाची कात्री. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. आमच्याकडेही खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, पण पाहुण्याची हत्यारं मागून घेतलेली मी पाहिली नव्हती. मी टूलकिटची पिशवी दिली. भाऊराव जाईनात. "तुमच्या धंद्याचं काय असते? ज्याच्यानं माणूस कमावते त्याले आज पुजा लागते." मग मी टॉर्च आणि मोजपट्टीही दिली. ज्या टॉर्चच्या उजेडात मी इतके खोटे दावे पकडले, तिच्या काचेवर त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं.

"आता हे संध्याकाळपर्यंत उठवायचं नाही," ते म्हणाले. "सोनं लुटलं का मंग आपलं काम, आपले पाने."

मी बॅग घेऊन अंगणात आलो. भाऊरावांची नजर बॅगेवर गेली. "दर्शनाले बॅग घेऊन जाता का?"

"कपडे आहेत," मी म्हणालो. याला उत्तर म्हणतात की नाही, मला शंका आहे.

गाडीच्या हँडलला झेंडूचा हार घातला होता आणि टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. किल्ली फिरवली. दिवे लागले, काटे हलले. सेल्फचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बॅटरी उतरलेली असली की निदान टक् असा आवाज येतो, तोही नाही.

हॉर्न दाबला तर अख्खी गल्ली दणाणली, म्हणजे बॅटरी ठणठणीत. हाराखाली बोट घालून इंजिन बंद करायचा किल स्विच पाहिला, तो चालूवरच होता. गाडी न्यूट्रलला, हिरवा दिवा लागलेला. साइड स्टँड वर करून, क्लच पूर्ण दाबून पाहिलं. क्लचच्या मुठीखालची वायर हलवून पाहिली. काहीच हलेना. आदल्या संध्याकाळपर्यंत एका झटक्यात फिरणारी गाडी आज बटणाला ओळखही देईना, आणि तीही नेमकी मी कळंबला निघालो तेव्हा. माझ्या धंद्यात योगायोग नावाची गोष्ट नसते.

भाऊरावांनी हाका मारून शेजारची माणसं गोळा केली. प्रत्येकाने निदान केलं. एकाला पेट्रोल संपल्याची खात्री होती, दुसऱ्याला प्लगमध्ये कचरा दिसत होता. मग सगळ्यांनी मिळून मला बसस्टँडपर्यंत ढकलत नेलं. दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की गाडी गचका खायची आणि थांबायची. वाटेत भेटेल त्याला रामराम घालणं चालूच होतं, त्यामुळे गाव मला चांगलं ओळखू लागलं. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "इवाई, गाडीचं मन नाई जाचं!" इवाई म्हणजे व्याही.

भाऊरावांनी त्याला तिथल्या तिथे टोकलं. "अजून पाहुणे हायेत ते. तसं म्हणू नोको."

बसस्टँडवर गजाननचं गॅरेज होतं. शटर अर्धं वर. आत सगळे पाने आकाराप्रमाणे ओळीत मांडून त्यांच्यापुढे नारळ ठेवलेला, आणि गजानन नवा शर्ट घालून स्टुलावर बसलेला.

"आज नाई काका," तो म्हणाला. "पाने बसले पूजेले. सोनं लुटू द्या, मंग अख्खं इंजिन खोलून देतो."

"एक पाना तर दे. मी बघतो माझं मी."

"काहून घाई करता? सण हाय."

एसटी सकाळीच निघून गेली होती, दुसरी थेट दुपारी. मी गजाननकडे पाहिलं, मग भाऊरावांकडे. गजानन हसत होता. भाऊराव मुद्दाम दुसरीकडे बघत होते, असं मला स्पष्ट दिसलं.

गाडी ढकलत परत आणली आणि सगळे पांगल्यावर मी एकटा तिच्यापाशी बसलो. माझ्या गाडीत सेल्फ आणि इंजिन यांचा मिळून एक वेगळा फ्यूज आहे. तो गेला की दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण गाडी ना बटणाने फिरते ना धक्क्याने. हे मला आधीच सुचायला हवं होतं, पण संशय माणसांवर असला की गाडीकडे लक्ष राहत नाही. डावं झाकण हाताने काढलं. फ्यूजची जागा रिकामी. जादाचा फ्यूज वरच्या टोपणात अडकवलेला असतो, तोही नाही.

फ्यूज जळतो. फ्यूज उडून जात नाही. आणि दोन्ही तर नाहीच नाही.

मी झाकणाच्या कडा तपासल्या. कुठे ओरखडा नव्हता. ट्यूबची घडी जागच्या जागी होती. नवख्याने ओढलं असतं तर दुसरी खुंटीही तुटली असती. म्हणजे काढणारा हात तयार होता. गावात तयार हात एकच, गजाननचा. आणि त्याला सांगणारं कोण, हेही उघड होतं. मी कळंबला पोहोचू नये अशी कुणाची तरी इच्छा होती, याचा अर्थ कळंबला ऐकण्यासारखं काहीतरी होतं. मुक्ताचा चेहरा डोळ्यापुढे आला. परत जाऊन तिला नाही म्हणायचं, ते कोणत्या शब्दांत म्हणायचं, याची मी जुळवाजुळव करू लागलो.

"लागली का गाडी?" भाऊरावांनी ओसरीवरून विचारलं.

"फ्यूज नाही," मी त्यांच्या डोळ्यात बघत म्हणालो.

"ते काय असते?" ते म्हणाले आणि बैलांच्या शिंगांना रंग द्यायला निघून गेले.

व. मा.

दुपारी पुरणपोळी होती. आमच्याकडे पोळी पातळ आणि आमटी मुबलक. इथे पोळी बोटभर जाड आणि तूप वाटीने. पानं मांडली जात होती तोच एक बुटका, जाडजूड माणूस अंगणात आला. त्याने भाऊरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. ओसरीवर चढून तो थेट एका खुर्चीत बसला आणि तिच्या दांड्यावरून हात फिरवला.

"वहिनी," तो आत बघून म्हणाला, "त्याइले सांगा, आलो म्हणा मी."

"आले म्हणते ते," इंदूबाईंनी हातभर अंतरावर उभ्या असलेल्या नवऱ्याला सांगितलं.

भाऊराव माझ्यापुढे आले. "पाहुणे, हे वसंतराव. तुम्ही कळंबले जे पुसाले चालले होते न, ते यांले पुसा. माह्याबद्दल गावात सगळ्यात वाईट बोलणारा माणूस हाच हाये. म्या मुद्दाम बोलावलं. तुमचं बोलणं होईस्तोर म्या गोठ्यात बसतो."

आणि ते खरोखर उठून गेले. माझे कान तापले. देवदर्शनाची थाप दारव्ह्याच्या चहावाल्याने गिळली होती, पण ती या घरात एक मिनिटही टिकली नव्हती.

वसंतरावांनी पोळीचा मोठा तुकडा तुपात बुडवला. "पुसा," ते म्हणाले.

"माणूस कसा आहे?"

"आडमुठा. बांधावर बाभूळ हाये. माह्या आज्यानं लावलेली. हा म्हणते माह्या बापानं लावली. मरन पण कबूल नाई करन."

"अजून?"

"अजून काय? तोंडाचा फाटका. रागाले आला का बांधावर उभा राहून अख्ख्या शिवाराले ऐकू जाईन असं बोलते."

मी वाट पाहत होतो ते हेच. मी पाण्याचा घोट घेतला आणि मुख्य प्रश्न विचारला. "आमची मुलगी या घरात येणार आहे. तुमची असती तर दिली असती?"

वसंतरावांनी गोठ्याच्या दिशेने पाहिलं.

"मांगच्या साली माह्ये बैल सुटले अन् याच्या तुरीत घुसले," ते म्हणाले. "लय खाल्ली तूर. दुसरा कोणी असता त् बैल कोंडून ठेवले असते. यानं त्याइले पाणी पाजलं, माह्या गोठ्यात आणून बांधले, अन् मंग बांधावर जाऊन मले शिव्या देल्या. पूर्ण सकाळभर देल्या." त्यांनी तुकडा तोंडात टाकला. "द्या पोट्टी. सुखात राह्यन. पण बाभूळ माही हाये, हे ध्यानात ठेवा."

साक्षीदार इतका सोयीचा मिळाला की मला हमखास खटकतं. पढवून आणला असेल तर? मी म्हणालो, "बोलचाल नाही म्हणता, मग जेवायला कसे आलात?"

"खुर्च्या कोणाच्या हायेत ह्या?" वसंतराव एकदम चिडले. "माह्या हायेत. वहिनीनं मांगल्या, म्या देल्या. पाहुण्याले खाली बसवून गावाचं नाव खराब करा लागते का? बोलचाल बंद हाय, म्हणून काय झालं?"

तेवढ्यात भाऊराव परत आले. बाभूळ हा शब्द त्यांच्या कानावर पडला असावा. मग पुढे जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. दोघं मध्ये इंदूबाईंना ठेवून, एकमेकांचं नाव न घेता, आज्यापणज्यांपर्यंत गेले. इंदूबाई दोघांच्या पानात आळीपाळीने पोळ्या वाढत होत्या. मी आयुष्यात पुष्कळ बनावट भांडणं पाहिली आहेत. हे बनावट नव्हतं. आणि भांडण खरं असेल तर साक्षही खरी, एवढं मला मान्य करावं लागलं.

पण फ्यूज? जो माणूस स्वतःच्या वैऱ्याला साक्षीला बोलावतो, तो पाहुण्याच्या गाडीचा फ्यूज का पळवेल? हे दोन्ही एका माणसात बसेनात आणि मी दुपारभर छताकडे बघत पडून राहिलो.

सोनं

उन्हं कलल्यावर गाव वाजतगाजत शिवेवर गेलं. आपट्याच्या फांद्यांवर सगळे तुटून पडले. परत येताना दारोदारी पानं वाटणं, गळाभेट, मोठ्यांच्या पाया पडणं. वसंतरावांनी मला सोनं दिलं, इंदूबाईंना दिलं, आणि भाऊरावांसाठीचं सोनं इंदूबाईंच्याच हातात ठेवून गेले.

घरी आल्यावर भाऊरावांनी पाटावरची पूजा उठवली. टॉर्च, मोजपट्टी, टूलकिट माझ्यापुढे ठेवलं. मग ओंजळभर आपट्याची पानं माझ्या हातात दिली. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." पानं जरा जड लागली. मी ती बाजूला सारली. खाली दोन फ्यूज होते, दोन्हींवर कुंकवाचे ठिपके. सकाळपासून ते माझ्याच पान्यांच्या शेजारी, झेंडूखाली, पूजेत बसले होते.

"म्या काढले," भाऊराव म्हणाले. "माफी करा. तुम्ही बिना सणाचे, आमाले काही न पुसता निंघून गेले असते, अन् मंग मनात जे राह्यलं असतं ते कायमचं राह्यलं असतं. म्हणून काढले."

"कसे काढले?"

"ओढले, निंघाले."

"झाकण?"

ते गडबडले. "ते... डाव्या अंगानं... खालून दाबलं, मंग..."

आणि मला पहाटेचा गोठ्यातला आवाज आठवला. खालून दाबतो, मंग ओढतो. घडी तशीच ठेवतो. हो बाई. ती म्हैस नव्हती. ज्या माणसाला मागच्या सीटवर बसायची भीती वाटते, त्याला कुणीतरी फोनवर, एकेक पायरी सांगत, माझ्या गाडीचं झाकण ओरखडा न उठवता उघडायला लावलं होतं. त्या ट्यूबच्या घडीची गोष्ट या जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. त्यातला एक मी.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

इंदूबाई खाली बघू लागल्या. भाऊरावांनी मात्र माझ्याकडे सरळ पाहिलं. डोळ्यांची पापणीही हलली नाही. "कोणी नाई," ते म्हणाले. "माह्याच डोक्यात आलं. राग काढाचा त् माह्यावर काढा."

आयुष्यभर मी खोटं पकडत आलो. इतकं धडधडीत खोटं क्वचितच समोर आलं असेल. माझ्या रागाच्या आड माझी मुलगी येऊ नये म्हणून एक माणूस सगळा दोष आपल्या अंगावर घेत होता, आणि ती अजून त्याच्या घरात आलीही नव्हती. माझे डोळे भरून आले. ते त्यांना दिसले असतील तर दिसोत.

"बरं," मी म्हणालो, "तुमच्या डोक्यात आलं."

मी एक फ्यूज बसवला. बटणाला बोट लागताच गाडी फिरली. भाऊराव दचकून दोन पावलं मागे सरकले. त्या रात्री मी राहिलो, आणि दुसऱ्या दिवशीही राहिलो. बाभळीपर्यंत जाऊन आलो. ती नेमकी बांधावर आहे, मधोमध, आणि ती कुणाची हे मोजपट्टी लावूनही मला ठरवता आलं नाही. निघताना कळंबला थांबून चिंतामणीचं दर्शनही घेतलं. त्याचं नाव सांगून मी एवढी खटपट केली होती, न थांबणं बरं दिसलं नसतं.

नाशिकला पोहोचलो तर मुक्ता दारातच उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं, डाव्या झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिशातून रुमालात बांधून आणलेली आपट्याची पानं काढली आणि तिच्या ओंजळीत ठेवली.

"सोनं घे."

तिने ती घेतली. पण नमस्कार करायच्या आधी तिची बोटं पानांच्या मधून फिरली. तिने एक पान वर केलं, मग दुसरं.

"काय शोधतेस?"

"काही नाही," ती म्हणाली आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"एक गाडीत आहे," मी हेल्मेट काढत म्हणालो. "दुसरा इवायांकडे ठेवायला दिलाय. पुढच्या दसऱ्याला तुम्ही दोघं जाल, तेव्हा तो पूजेत मांडा."